मोतीलालशेठची वखार आणि बायकांचं मत

माणसं ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या तळोद्यात कोणी नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. मिरचीची आडत करणाऱ्याला ते यावंच लागतं! पोत्याच्या तोंडाशी लालभडक माल आणि बुडाशी पांढरी पडलेली फोपसी, हे मी नुसता हात घालून सांगतो. माणसाचंही तेच. कोण वरून तिखट आणि आतून फोपसा, कोण जमेच्या बाजूला, कोण नावे, हे सगळं माझ्या डोक्यात टिपलेलं असतं. तेव्हा सदतीस सालच्या त्या भानगडीत मी एवढा कसा फसलो, हे तुम्ही मला विचारू नका. मीच सांगतो.

त्याचं असं झालं. आमच्या पेठेतले मोतीलालशेठ म्हणजे मोठं प्रस्थ. धोतराची गाठ सुटली तरी दोन बाजूंनी विचार करून बांधणार! बाजारचौकातली त्यांची जुनी वखार रिकामी पडली होती. एके दिवशी त्यांनी दवंडी पिटवली, की ही वखार गावसुधारणेच्या एका चांगल्या कामाला कायमची द्यायची आहे; ज्यांच्यापाशी काही नवा विचार असेल त्यांनी येऊन मांडावा.

तळोद्यात एवढे सुधारक राहतात हे मला त्या दिवशी कळलं! एकाने कमी धुराची चूल काढली होती. तिचं प्रात्यक्षिक बघून सगळी सभा डोळे पुसत बाहेर आली. दुसऱ्याने विहिरीतून बैलांशिवाय पाणी काढायचं यंत्र आणलं होतं. ते चालवायला सहा माणसं लागत होती. बैल दोनच लागतात, हे कोणीतरी दाखवून दिल्यावर तो रागावून यंत्रासकट निघून गेला.

गळता गळता दोघेच उरलो. एक मी. माझा विचार वाचनालयाचा. भिंतीला वर्तमानपत्रं, मधे टेबल, टेबलामागे हातांची खुर्ची आणि खुर्चीत अध्यक्ष. अध्यक्ष कोण, ते बोलून दाखवायला मी काही उथळ माणूस नाही.

दुसरा भटू पाटील. त्याला हवा होता आखाडा. हा पाटील म्हणजे दांडगा गडी. बोलायला लागला की समोरच्याला आपण खाली पडलोय असं वाटतं.

"पोरे मजबूत व्हयनात म्हंजे गाव सुधरनं!" भटू गरजला. "पेपर वाचीसन कोना दंड भरतंस?"

एवढ्यात दाराकडून आवाज आला. "मन्हं बी एक म्हननं शे."

बघतो तर दगूबाई! पाटीलवाड्यातली विधवा बाई, स्वतःचं शेत स्वतः करणारी. मिरचीची पाटी खाली ठेवून ती उंबऱ्यावर बसली होती आणि सगळी सभा ऐकत होती.

"बजारना दिन माणसासले बसाले हाटेल शे, मारुतीना पार शे, शेठनी गादी शे. बाया कोठे बसतीन? मन्ही पोर मागला बजारले बैलगाडीखाले बशीसन लेकरूले पाजी ऱ्हायनी व्हती. बैल शेपटी मारे तिन्हा तोंडवर! धडगावकडल्या बाया डोंगर उतरीसन येतीस, दिवसभर उन्हात उभ्या. बायासले बसाले ही खोली द्या. आतथून कडी लागनारी."

"बशीसन काय करतीन?" भटूने विचारलं.

"तू पारवर बशीसन काय करस?"

"मी? मी... इचार करस."

"मंग बाया बी इचार करतीन!"

सभा हसली. मीही हसलो. बसायला खोली! याला काय सुधारणा म्हणायची? पण तेवढ्यात माझ्या डोक्यात वीज चमकली. त्याच साली इलाख्याच्या निवडणुकीत काही बायकांनाही मत होतं, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. मी उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "शेठजी, सुधारणेचा निवाडा सुधारलेल्या पद्धतीनेच व्हावा. गावातल्या बायकांना मत द्या! त्या सांगतील त्याला वखार!"

टाळ्या पडल्या. आता खरं सांगतो, माझा हिशोब साधा होता. आमचं घर भरलेलं. आई, बायको, धाकट्या भावांच्या बायका, शिवाय लागून असलेली चुलत्यांची घरं. मारवाडी गल्लीतल्या निम्म्या बाया म्हणजे आमचंच कुटुंब! भटूनेही लगेच मान डोलावली. पाटीलवाड्यातल्या बाया मोजताना त्याची बोटं हलत होती, ती मी पाहिली. बाई म्हणून शोभेला दगूबाईचंही नाव उमेदवारांत घातलं. तेवढंच जरा पुढारलेलं दिसतं.

घरी येऊन मी हुलासबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, सगळं समजावलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "सुणो हो, तिथे नाव घ्यावं लागेल का?"

"अर्थात! लिहिता कोणाला येतंय? पडद्याआडून नाव सांगायचं. चांगलं मोठ्याने, ठणठणीत!"

"पण नाव..."

"घाबरायचं नाही! मी तिथेच बसलेला असेन."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुरलेल्या लोणच्यात साखर घातली होती. मग पुन्हा पोळी लाटायला लागली.

मतदानाच्या दिवशी वखारीत जाजमाचा पडदा बांधला. पलीकडे बायांची रांग, अलीकडे कागद घेऊन भीमसिंग मास्तर. हे मास्तर गिरासे, शिस्तीचे इतके कडक, की शिंकही रांगेत येऊ द्यायचे. त्यांच्या दोन बाजूंना आम्ही दोघं उमेदवार. दगूबाईला बोलावलं होतं, पण तिचा माल तोलायचा होता, ती आली नाही.

पहिली आली आमची हुलासबाई. पायातल्या जोडव्यांवरून ओळखली.

"मत कोणाला?" मास्तरांनी विचारलं.

बांगड्या वाजल्या. मग हळूच आवाज आला. "ह्यांना."

"हे म्हणजे कोण?"

"आमचे हे."

"बाई, उमेदवार तीन. त्यात 'हे' कोणी नाही. नाव सांगा."

"मगनचे बापू."

"मगन उभा आहे का?"

"अगं, बोल की!" मी ओरडलो.

"उमेदवाराने पडद्याशी बोलायचं नाही!" मास्तर माझ्यावर खेकसले.

पडद्याखालून हात बाहेर आला आणि एक बोट माझ्याकडे वळलं. मला धन्य वाटलं! मास्तर म्हणाले, "बोटाचं मत धरता येत नाही. नाव!"

आणि तेव्हा, वाचकहो, माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्न झाल्यापासून या बाईच्या तोंडून मी माझं नाव एकदाही ऐकलं नव्हतं! आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर आयुष्य कमी होतं म्हणे. आता एका वाचनालयापायी ती मला मारणार थोडीच!

"दगूबाई!" हुलासबाई म्हणाली आणि गरम तवा हातातून सोडावा तशी पळाली.

हरकत नाही, आई आहे! आईला कसली बंदी? सुंदरबाई, माझी सख्खी आई, काठी टेकत पडद्याशी आली.

"मत कोणाला, आजी?"

"गोटूला."

"कोण गोटू?"

"हा काय, समोर बसलाय. माझा गोटू."

भटू पाटील एवढा हसला, की खालची सतरंजी सरकली. मी कळवळून म्हणालो, "आई, नाव घे ना!"

"कसं घेऊ रे? तुझ्या मोठ्या काकांचं नाव काय होतं?"

गेलं! माझे मोठे काका, आईचे जेठ, छगनमल. वारून वर्षं झाली. पण जेठाच्या नावातला 'छगन' आईच्या ओठावर कधी आला नाही, आणि मी छगनलाल! म्हणून तर मी आजन्म गोटू!

"गोटू यादीत नाही," मास्तर म्हणाले.

"मग त्या मिरचीवालीला द्या."

धाकट्या भावांच्या बायकांचं तर विचारूच नका. मी त्यांचा जेठ. माझं नाव सोडाच, मी समोर असताना त्या आवाजसुद्धा काढत नाहीत! त्यांनी आईच्या कानात कुजबुजून "दगूबाई" सांगितलं आणि आईने ते ठणठणीत आवाजात मास्तरांना पोचवलं. चुलत्यांच्या घरांत मी कोणाचा जेठ, कोणाचा पुतण्या. पण छगनमलांच्या सावलीत सगळेच! माझी हक्काची मतं माझ्या डोळ्यांसमोरून दगूबाईच्या पाटीत पडत होती.

"गोटूशेठ!" भटू डोळे पुसत म्हणाला. "वाचनालयले नाव काय देशी? गोटू ग्रंथालय?"

पण त्याचंही हसू फार टिकलं नाही. पाटलीणबाई आल्या. त्यांच्यात निदान उखाण्यात नाव घेता येतं. त्यांनी सुरुवातही झकास केली. "तापीना काठे हिरवी केळ, नाव लेवानी उनी वेळ..."

"बाई, मत द्यायचंय, लग्न लावायचं नाही!" मास्तर कडाडले. "नुसतं नाव!"

"नुसतं कसं लेऊ?"

"मग पुढे चला."

पाटलीणबाई भडकल्या. "मंग लिही ल्या छगनलाल!"

भटू ताडकन उठला. "मन्ही बायको तुले मत दी ऱ्हायनी? काय जादू करी रे तू?"

"मी? अहो पाटील, मी त्यांना ओळखतसुद्धा नाही!"

"वयखत नही तर तुन्हं नाव तिन्हा तोंडमा कसं उनं?"

"तुमचं येत नाही म्हणून!"

त्याने माझी पगडी धरली, मी त्याचं उपरणं धरलं, आणि मधे मास्तर सापडले. पडद्याचा दोर तुटून जाजम तिघांच्या अंगावर पडलं. आतून आम्ही ओरडतोय, बाहेर बाया पदर तोंडाला लावून हसतायत! आखाडा पाहिजे होता ना भटूला, उद्घाटन तिथेच झालं.

निकाल सांगायलाच नको. पण मी हार मानणारा नव्हतो. जाजमाखालून निघाल्यावर भटूची आणि माझी लगेच दोस्ती झाली. दोघं मिळून मोतीलालशेठकडे गेलो.

"शेठजी, हा निकाल खोटा," मी म्हणालो. "बायकांच्या मनात आम्हीच होतो, रूढी आडवी आली! सुधारणेच्या कामात रूढीचा निवाडा चालेल का?"

शेठजींनी दोन्ही बाजूंनी विचार केला. मग म्हणाले, "बोलता येत नसेल तर टाकू द्या." आणि ठरलं. पुढच्या बाजारी पडद्याआड तीन मडकी ठेवायची. एकाला मिरची बांधायची, ते माझं. एकाला आखाड्याची लाल माती फासायची, ते भटूचं. एकाला बांगडी, ते दगूबाईचं. प्रत्येक बाईला एक चिंचोका. एकेकीने आत जायचं आणि गुपचूप टाकून यायचा. नाव नाही, आवाज नाही!

घरी मी सगळ्यांना पुन्हा बसवलं. "लक्षात ठेवा, मिरचीचं मडकं. कोणाला कळणार नाही, कोणाला लाजायचं नाही. मनात असेल ते करायचं!"

"मनात असेल ते?" हुलासबाईने विचारलं.

"अगदी मनातलं!"

"बरं," ती म्हणाली. इतक्या गोड आवाजात म्हणाली, की मी संध्याकाळीच खुर्चीचं माप सुताराला देऊन आलो.

बाजारच्या दिवशी सगळ्या गावासमोर मास्तरांनी मडकी उपडी केली. दगूबाईचं आधी. शेंगांचं पोतं फाटावं तसे चिंचोके जाजमावर सांडले! मग भटूचं. मास्तरांनी उलटं केलं, बुडावर थापटलं. आतून एक कोळी निघाला आणि घाईघाईने चालता झाला. मग माझं.

टक्!

एक चिंचोका.

तुम्ही म्हणाल, एकाने काय होतं? अहो, एक म्हणजे शून्य नव्हे! मी भटूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "पाटील, माणसाच्या घरात निदान एक तरी आपलं असावं लागतं!" त्याने आपल्या बायकोकडे पाहिलं. ती कोळ्याकडे पाहत होती.

घरी गेल्यावर मी हुलासबाईला हळूच विचारलं, "तो तुझाच ना?"

"ते गुपित असतं ना? तुम्हीच सांगितलंत." आणि हसली.

आईला विचारलं. तीही हसली. भावजया पदराआड हसल्या. आता एवढ्या जणींत माझी खरी माणसं कोण, हे कळायचं कसं? एकीलाच बक्षीस द्यावं तर चुकीची निघायची! शेवटी मी घरातल्या सगळ्या बायकांना एकेक ओढणी आणली, बांधणीची, चांगल्यातली. सगळ्यांनी घेतली. एकीनेही "मला नको, तो माझा नव्हता" असं म्हटलं नाही.

वखार बायांची झाली. दगूबाईने शेणाने सारवून घेतली, पाण्याचे रांजण ठेवले, झोळी टांगायला तुळईला कड्या बसवल्या. बाजारच्या दिवशी अक्कलकुव्याकडच्या, धडगावकडच्या बाया पाट्या उतरवून आत टेकतात, पोरं झोपतात आणि आतून जे हसू येतं ते आमच्या गादीपर्यंत ऐकू येतं. कशाला हसतात ते कळत नाही. माझी आईही काठी टेकत तिथेच जाते. खोटं कशाला बोलू, चौकाला शोभा आली. मी तर ओळखीच्या व्यापाऱ्यांना सांगतोही, की बायकांना मत द्यायची मूळ कल्पना माझी!

असंच एकदा दारात उभा राहून मी हे कोणालातरी सांगत होतो. दगूबाई पायरीवर बसून ऐकत होती. मी ऐटीत म्हणालो, "आणि माझ्याही मडक्यात मत पडलं होतं बरं का, दगूबाई! आमच्या घरचं!"

"तो चिंचोका?" दगूबाई म्हणाली. "तो मन्हा व्हता."

"तुझा?"

"मी आखरीले गऊ ना आतमा. मन्हं मडकं तं भरी गयं व्हतं. तुन्हं हालाडी दखं, काहीच वाजे ना. तुन्हा घरन्या इतल्या बाया, आन् मडकं रिकामं! मन्हा जीव कळवळना. मंग टाकी दिधा."

"अगं, पण भटूचंही रिकामंच होतं! त्याच्यात का नाही टाकलास?"

"भटू रागे भरस, दुसरा दिन इसरी जास," दगूबाईने शांतपणे सांगितलं. "तू रडता, शेठ."

मी रडलो नसतो. हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो. फक्त आमच्या घरी कोणाला विचारू नका.