ड्यू टू ऑपरेटर

जगात कुठलीही गोष्ट उगाच घडत नाही, हे तत्त्वज्ञ मंडळींना फार उशिरा कळलं. चाकणच्या कारखान्यांना ते पहिल्यापासून ठाऊक आहे. इथे जे काही घडतं ते कशाने तरी घडतं, आणि त्या 'कशाने'च्या आधी 'ड्यू टू' लावायची रीत आहे. कंपनीची बस उशिरा येते ती ड्यू टू कांदा (बाजाराच्या दिवशी ट्रक चौक अडवतात). माणूस दोन दिवस गायब होतो तो ड्यू टू यात्रा. मराठीत 'तुझ्यामुळे' म्हटलं की लगेच भांडण लागतं. 'ड्यू टू' म्हटलं की विषय मिटतो आणि चहा येतो.

या विद्येत सिद्धेशचा हात धरणारा अख्ख्या पट्ट्यात कुणी नव्हता. तो एका सुट्या भागांच्या कंपनीत गुणवत्ता विभागाचा इंजिनिअर होता. (कंपनीचं नाव इथे दिलेलं नाही, ड्यू टू जागेचा अभाव.) गाडीच्या सीटखाली जी लोखंडी पट्टी असते, ती तिथे बनायची. एखादी पट्टी वाकडी निघाली की गाड्यांची बडी कंपनी डोळे वटारायची आणि लेखी कारण मागायची. ते कारण शोधून देणं सिद्धेशचं काम. बाकीचे इंजिनिअर कारण शोधायला मशीनपाशी जात. सिद्धेश खुर्चीतूनच शोधायचा, म्हणून तो हुशार.

गेल्या वर्षीची त्याची आकडेवारीच पाहा ना. एकूण दोषांपैकी ऐंशी टक्के ड्यू टू ऑपरेटर. पंधरा टक्के ड्यू टू वीज आणि पाऊस. उरलेले पाच टक्के ड्यू टू ऑपरेटर (रात्रपाळी). ड्यू टू साहेब, शून्य. एवढे निर्दोष साहेब एका छपराखाली मिळणं कठीण, आणि कंपनीला त्याचा रास्त अभिमान होता.

आता ऑपरेटर म्हणजे कोण, तर नवनाथ. गंगाखेडकडचा गडी, कंत्राटी, दाबयंत्रावर पट्टीला भोक पाडायचा. 'दिवाळीनंतर पर्मनंट करू' असं त्याला सांगितलं होतं. कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने गावाकडून बायको मोनिका आणि पोरीला आणलं, खराबवाडीत खोली घेतली आणि पोरीचं नाव इथल्या शाळेत घातलं. दिवाळीपर्यंत काही वाकडं घडू नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

आणि नेमका दसऱ्याच्या तोंडावर पंच झिजला. पंच म्हणजे भोक पाडणारा खिळा. तो बोथट झाला की भोक तिरकं पडतं. नवनाथने लगेच सुपरवायझर सोपानरावांना सांगितलं. सोपानराव माण गावचे. त्यांच्या शेतावर आता आयटीची काचेची इमारत उभी आहे, आणि घरी बसवत नाही म्हणून ते इकडे नोकरीला येतात. ते थेट प्लँट हेड जयदीप सरांकडे गेले.

"सर, पंच बदलावा लागतोय. अर्धी पाळी मशीन बंद राहील, पन इलाज न्हाई."

"दसऱ्यापर्यंत चालवा," जयदीप सर म्हणाले. सर महत्त्वाच्या गोष्टी नेहमी तोंडी सांगत. कागदाची बचत होते.

चालवला. दोन दिवसांत बड्या कंपनीत बोल्ट बसेना, लाइन थांबली, आणि संध्याकाळच्या आत कारण कळवा असा निरोप आला.

अशा वेळी कंपनीत 'पाच का' ही पद्धत वापरतात. एका दोषाला ओळीने पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मुळाशी जाता येतं. पद्धत परदेशी आहे, पण आपल्याकडे तिच्यात सुधारणा झाली. आपण तिसऱ्या 'का'ला थांबतो. पहिले तीन 'का' शॉपफ्लोअरवर असतात. चौथा जिना चढून एसीत जातो, आणि तिथे अपॉइंटमेंटशिवाय कुणाला सोडत नाहीत.

बैठक भरली. सिद्धेशने फळ्यावर लिहायला घेतलं. भोक तिरकं का? ड्यू टू झिजलेला पंच. पंच झिजला तो तसाच का राहिला? ड्यू टू वेळेत न बदलणं. वेळेत का नाही बदलला?

इथे सगळे फळ्याकडे बघायला लागले. जयदीप सर तेवढे मोबाइलकडे बघत होते.

"ऑपरेटरच्या लक्षात आलं नाही," सिद्धेश म्हणाला आणि लिहायला लागला.

"लक्षात कसं न्हाई? त्यानंच तर मला सांगितलं," सोपानराव म्हणाले.

"तुम्हाला सांगितलं. मग तुम्ही काय केलंत, सोपानराव?"

सोपानरावांनी जयदीप सरांकडे पाहिलं. सर अजून मोबाइलमध्येच. मग त्यांनी खाली पाहिलं आणि ते गप्प बसले, ड्यू टू मुलगा. (मुलगा याच कंपनीत स्टोअरला होता.)

"मग 'लक्षात आलं नाही' असंच बरं," सिद्धेश समजुतीने म्हणाला. सगळ्यांना हायसं वाटलं. चहा आला.

उपायाच्या रकान्यात 'ऑपरेटर बदलला' असं गेलं. पंच बदलला का, हे तिथे विचारलेलंच नव्हतं. बड्या कंपनीने कारण ताबडतोब मंजूर केलं, कारण त्यांच्याकडेही साहेब होते. शिवाय भाषेबद्दल खास शाबासकी कळवली.

दुसऱ्या दिवशी नवनाथला गेटवर अडवलं. तो सिद्धेशची वाट बघत संध्याकाळी बस सुटेपर्यंत तिथेच थांबला. डबा हातात होता. मोनिकाला काय सांगायचं ते अजून सुचलं नसावं.

"साहेब, मी केलं तरी काय?"

"तुम्ही काहीच केलं नाही, नवनाथ. तेच लिहिलंय."

"माझं नाव लिवलंय का त्याच्यात?"

"छे छे. नाव आपण कुणाचंच लिहीत नाही. 'ऑपरेटर' लिहिलंय."

"त्या मशीनवर ऑपरेटर मीच हाये ना, साहेब."

सिद्धेशने घड्याळ पाहिलं आणि बस गाठली. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. ते वाईट वाटणं बस त्याच्या घरापाशी, वाकडला पोचेपर्यंत टिकलं. नवनाथने दिवाळीच्या आधी खोली सोडली. पोरीचं नाव शाळेतून काढताना बाईंनी कारण विचारलं आणि स्वतःच 'घरगुती' असं लिहून घेतलं. मशीनवर नवीन गडी उभा राहिला. त्यालाही दिवाळीनंतरचं सांगून ठेवलंय, पुढच्या दिवाळीनंतरचं.

हे वाचून तुमचा संताप झाला असेल. पुढचे दोन 'का' सिद्धेशने विचारायला हवे होते, असं म्हणाल. चला, तुमच्या समाधानासाठी विचारू. ऑपरेटरने सांगूनही पंच का बदलला नाही? जयदीप सर नको म्हणाले. सर नको का म्हणाले? दसऱ्याला ठरलेल्या गाड्या कमी पडल्या असत्या. इथे पाच झाले, पद्धत संपली. पण तुम्ही इतके न्यायप्रेमी, तर सहावाही होऊन जाऊ दे. गाड्या दसऱ्यालाच का हव्या होत्या?

कारण कुणीतरी महिनाभर शोरूमला फोन करत होतं, की मुहूर्त चुकला तर बुकिंग रद्द, आमच्याकडे पाहुणे येणार आहेत. मिळाली की गाडी वेळेवर. फोटो आम्हीही पाहिला. झेंडूचा हार झकास दिसतोय, आणि चावी हातात घेताना तुम्ही हसलाय पण छान.

सीट जरा करकरते म्हणता? सर्व्हिस सेंटरला दाखवा. ते म्हणतील, ड्यू टू रस्ता. तुम्ही मान डोलवून घरी याल, त्यांना 'का' म्हणून विचारणार नाही.