नऊ कॅप्सूल आणि एक उद्घाटन

आमच्या घरात आजारी पडायचे असेल तर आधी माझी परवानगी घ्यावी लागते, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करते. अठ्ठावीस वर्षे मी मुख्याध्यापिका होते. उशिरा आलेला विद्यार्थी फाटकातून आत शिरला नाही, तिथे ताप घरात काय शिरणार!

त्यासाठी मी एक व्यवस्था लावलेली होती. कुणाचाही औषधांचा कोर्स सुरू झाला की बरे वाटताच तो मी थांबवत असे आणि उरलेल्या कॅप्सूल बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात जमा करत असे. चिरंजीवांची दाढ, सूनबाईचा घसा, धाकट्या जाऊबाईंचा पिकलेला अंगठा! सगळ्यांचे अवशेष त्यात रंगवार लावलेले. टाकून देणे माझ्या रक्तातच नाही.

तर, वाचनालयाच्या उद्घाटनाला तेरा दिवस उरले होते. त्या वाचनालयासाठी अकरा वर्षे मी कार्यालयांचे उंबरठे झिजवले होते. फीत मीच कापणार, यात शंकाच नव्हती. आणि नेमकी त्या सोमवारी मला शिंक आली. एक नव्हे, लागोपाठ सात!

"ताई, जपा हं," वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या जाऊबाई जिन्यातूनच म्हणाल्या. वाचनालय समितीच्या त्या उपाध्यक्षा. "नाहीच जमलं तर मी आहे की! कात्री काय, कुणीही चालवतं."

त्या 'कुणीही'ने माझे मस्तक फिरले.

"आई, साधी सर्दी आहे. जाईल आपोआप," सूनबाई म्हणाली.

"आपोआप काही जात नसतं! घालवावं लागतं!"

मी डबा उघडला. दाढेच्या पाच लाल-पिवळ्या, घशाच्या चार हिरव्या. सकाळी लाल-पिवळी, संध्याकाळी हिरवी, असे वेळापत्रक आखले आणि नऊच्या नऊ संपवल्या. शुक्रवारी सर्दी गायब! सूनबाईने निमूटपणे मान खाली घातली. (ती हसत होती, हे मला नंतर कळले.)

पुढच्या बुधवारी पोटात पहिली गुरगुर झाली. एखाद्या रिकाम्या सभागृहात कुणीतरी बाके ओढावीत, तशी! दुपारपर्यंत माझ्या नऊ फेऱ्या झाल्या.

"सूप कुणी केलं होतं?" मी संडासाच्या दारातूनच चौकशी सुरू केली.

"मीच. पण ते सगळ्यांनी प्यायलंय, आई."

"म्हणजे जंतू सगळ्यांच्या पोटात गेले! साथ आहे ही!"

साथीपुढे हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली मी नव्हे. जाऊबाईंच्या अंगठ्याच्या निळ्या कॅप्सूल भरपूर उरल्या होत्या. मी घराला रांगेत उभे केले.

"आई, मला काहीही झालेलं नाही!" चिरंजीव ओरडले. वय वर्षे एक्केचाळीस, हाताखाली तीस माणसे.

"होण्याआधीच देतेय. तोंड उघड. गिळलीस? जीभ दाखव!"

जाऊबाईंनीही दाखवली. आमच्या ह्यांची जीभ मात्र मी तपासली नाही. एक्कावन्न वर्षांच्या संसारात तेवढा विश्वास असतो! मी स्वतःही दोन घेतल्या.

शुक्रवार उजाडला तो रणधुमाळीत. आमच्या घरात संडास एक आणि उमेदवार चार!

"ताई, दार उघडा! बावीस मिनिटं झाली!" जाऊबाई दारावर थापा मारत होत्या. "फीत माझ्या हाती लागू नये म्हणून हा डाव रचलात ना? माझ्याच अंगठ्याच्या गोळ्या मलाच!"

संध्याकाळी खुर्चीतून उठायला गेले आणि सगळी खोली माझ्याभोवती गिरकी घेऊन गेली. डॉक्टरांना बोलावले. हा माझाच विद्यार्थी. वर्गात कमी, वर्गाबाहेर जास्त असायचा. त्याने जुलाबाचा नमुना तपासणीला पाठवला आणि शनिवारी दुपारी अहवाल घेऊन तो स्वतःच आला.

"बाई, सर्दी विषाणूंची असते. या कॅप्सूल जिवाणूंना मारतात. सर्दीचं त्या काहीही वाकडं करू शकत नाहीत."

"मग गेली कशी?"

"कंटाळून. ती जातेच. पण आपल्या आतड्यात कोट्यवधी उपयोगी जिवाणू राहतात, त्यांना या कॅप्सूलनी सरसकट झोडपलं. एक दांडगा जंतू तेवढा कवच पांघरून कोपऱ्यात बसला होता. बाई, सगळे शिक्षक एकाच दिवशी रजेवर गेले तर शाळा कुणाच्या हाती जाईल?"

"तुझ्या."

"अगदी बरोबर! तसा तो आता मोकाट सुटलाय आणि आतड्यात विष सोडतोय."

"मग आणखी जालीम कॅप्सूल—"

"बाई!" आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्यावर आवाज चढवला. "या वयात हे जिवावर बेततं! या जंतूसाठी मी नेमकं औषध देतोय. दहा दिवस, मध्ये थांबायचं नाही. निळ्या कॅप्सूल आजपासून बंद, म्हणजे बाकीच्यांची पोटं बहुधा आपसूक सावरतील. हात सगळ्यांनी साबणानं धुवायचे. आणि तो डबा आधी माझ्या ताब्यात द्या."

"उद्या उद्घाटन—"

"उद्या पलंग."

"मी जाते ना!" जाऊबाई उत्साहाने उठल्या, तशाच पोट धरून वळल्या आणि संडासाचे दार धाडकन लागले.

उरले आमचे हे. गच्चीच्या दारात ठणठणीत उभे!

"अहो, तुम्हाला काहीच कसं झालं नाही? तीन दिल्या होत्या मी!"

"कुंडीत टाकल्या."

"आणि गेल्या एक्कावन्न वर्षांत दिलेल्या?"

हे एकदम बूट शोधू लागले.

रविवारी माझे चार पानी भाषण खिशात घालून हे गेले आणि दुपारी अतिशय प्रसन्न मुद्रेने परतले.

"भाषण नीट वाचलंत ना?"

"चष्मा घरीच राहिला गं. म्हटलं, तू का आली नाहीस तेवढं तरी सांगावं."

"तेवढं म्हणजे किती?"

"सगळंच. डब्यापासून फेऱ्यांच्या आकड्यापर्यंत. अगं, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते! आपापल्या घरचे डबे उपसायला तिघं तर तिथूनच धावत गेले."

आता मी बरी आहे. पूर्वी रस्त्यात भेटणारा माणूस अदबीने थांबून वाचनालयाचे कुठवर आले, असे विचारी. आता तो तितक्याच अदबीने थांबतो आणि म्हणतो, "बाई, पोट कसं आहे?"

मी मान ताठ ठेवून "उत्तम!" म्हणते आणि चालण्याचा वेग वाढवते. वेग का वाढवते, हे मात्र कृपा करून विचारू नका!