दोन बोटं अंतर

मानवजातीची सगळी प्रगती तोंड आणि यंत्र यांच्यातल्या योग्य अंतरावर अवलंबून आहे, असं मंदाताई बच्छाव यांचं ठाम मत होतं. ते अंतर दोन बोटं. तीही मंदाताईंची. माझी जाड पडतात, असं त्यांनी मला मोजून दाखवलं होतं.

मंदाताई आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत शेजारच्या घरात राहायच्या. सारी नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. रिटायर होऊन वर्षं लोटली तरी दाराची बेल वाजली की आतून आवाज यायचा, "लाइनवर राहा!" सोसायटीच्या गणपतीत कोणी बोलायला उभा राहिला की त्या भर भाषणात जाऊन त्याचा माइक सरकवायच्या. "तोंडासमोर नको हो, ओठाच्या कोपऱ्याशी. समोर धरला की प आणि फ चे नुसते फटाके वाजतात." एकदा एका पुढाऱ्याचा माइक त्यांनी इतका नीट लावून दिला की त्याचं भाषण शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. त्याचा त्याला काही फायदा झाला नाही.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास मंदाताईंनी कॉम्प्युटर घेतला आणि त्यात बोललेलं टाइप करणारा प्रोग्रॅम बसवून घेतला. त्याला फक्त इंग्रजी येत होतं. रोज दुपारी चार वाजता त्या डोक्याला हेडसेट लावून बसत आणि तासभर त्यांचं इंग्रजी भिंतीतून माझ्याकडे झिरपत राही. शब्द कळत नसत. 'कमा' आणि 'फुल स्टॉप' तेवढे कळत.

इथे माझं सांगायला हवं. मी एकतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि त्यानंतर बारा वर्षं एक इंग्रजी पुस्तक लिहायला घेणार होतो. मनगट दुखतं, असं मी विचारणाऱ्यांना सांगत असे. आता शेजारची बाई मनगट न हलवता रोज पानंच्या पानं उतरवत होती. अर्ध्या नाशिकचे ट्रंक कॉल तिने जोडलेले. मजकुराला काय तोटा? माझ्याआधी हिचं पुस्तक येणार, या विचाराने मला जेवण जाईना.

"येऊ द्या की," बायको म्हणाली. "प्रकाशनाला तुम्ही अध्यक्ष व्हा."

हेडसेटची दांडी रोज थोडी हलते, म्हणून मंदाताईंनी गालावर, ओठाच्या कोपऱ्याजवळ एक बारीक टिकली लावायला सुरुवात केली. माइकचं टोक टिकलीसमोर आलं की जागा बरोबर. काम झालं की ती काढायला त्या विसरत. भाजीबाजारात, बँकेत, लग्नात त्या कपाळावर एक आणि गालावर एक अशा हिंडत. बोलण्यातही डिक्टेशन शिरलं. "मेथी ताजी आहे का, क्वेश्चन मार्क," त्यांनी विचारलं की मखमलाबादची भाजीवाली म्हणायची, "लय ताजी हाय ताई, फुल स्टॉप!"

शेवटी अभिमान गिळून मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, मलाही शिकवा. त्यांनी पंखा बंद केला, खिडकी लावली, माझ्या गालावर टिकली चिकटवली आणि माइक दोन बोटांवर आणला. मी माझ्या पुस्तकाचं पहिलं वाक्य म्हटलं. बारा वर्षं घोटलेलं वाक्य. पडद्यावर कोंबड्या आणि बुधवार असं काहीतरी आलं. मग तेच वाक्य मंदाताईंनी म्हटलं, पक्क्या नाशिकच्या उच्चारात. यंत्राने ते स्वल्पविरामासकट उतरवलं.

"तो माझ्या आवाजाला सरावलाय सर," त्या समजुतीने म्हणाल्या. "परक्याचं नाही ऐकत."

निघताना माइकची काळी स्पंजची टोपी माझ्या खिशात आली. कशी आली ते मी इथे लिहीत नाही. टिकली गालावरच राहिली होती. बायकोने पाहिलं, "हे काय?" म्हणाली. मी म्हटलं, "माइकची जागा." ती "बरं" म्हणून तांदूळ निवडू लागली.

पुढचे तीन दिवस भिंतीपलीकडून एकाच चालीचं वाक्य चार-चार वेळा ऐकू येत राहिलं. आवाज दमत गेला. चौथ्या दिवशी चार वाजता काहीच ऐकू आलं नाही. मी गॅलरीत गेलो. शेजारच्या गॅलरीत मिस्टर बच्छाव सकाळचा इंग्रजी पेपर पुन्हा वाचत बसले होते. मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात मोठ्या घणाशेजारी नोकरी करून त्यांचे कान गेले होते. श्रवणयंत्रातून नुसतीच खरखर येते म्हणून ते त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. मी हात हलवला, त्यांनी मान हलवली. सोसायटीचा त्यांच्याशी एवढाच संबंध.

मी टोपी घेऊन शेजारी गेलो. "जिन्यात सापडली," म्हणालो.

मंदाताईंनी माइकला पायमोज्याचा तुकडा बांधला होता. तो त्यांनी आधी सोडला. "देवासारखे आलात सर. श्वास लागतो माइकला, भलतेच शब्द पडतात. मग हे पडद्यावर वाचून काही न कळता नुसती मान हलवतात. ती मान मला बघवत नाही."

"लिहून दाखवायचं ना," मी म्हटलं.

"लिहीपर्यंत गंमत शिळी होते."

त्यांनी यजमानांना हाताला धरून आणलं आणि पडद्यासमोर बसवलं. स्वतः बाजूच्या खुर्चीत बसल्या. तोंड पडद्याकडे नव्हतं, त्यांच्याकडे होतं. 'अहो' यंत्राला कळत नसे. त्यांचं आडनाव मात्र मंदाताईंनी त्याला शिकवलं होतं.

"मिस्टर बच्छाव, कमा, सर वेंट होम विथ अ रेड डॉट ऑन हिज चीक, फुल स्टॉप. डोंट लाफ, कमा, ही इज स्टँडिंग बिहाइंड यू, फुल स्टॉप."

दोन सेकंद गेले. अक्षरं सरकत आली. म्हातारा वळला, माझ्या गालाकडे बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि त्याच्या गावच्या बोलीत म्हणाला, "बठा मास्तर, बठा!"

मंदाताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. पडद्यावर शब्द बरोबर आलेत की नाहीत, हे त्यांना तिथेच कळत असावं.

मी बसलो. आमच्या घरी दोघांचेही कान शाबूत आहेत. पुस्तकाचा मत्सर मला झेपत होता. हा निराळा होता.

तासभर त्या बोलल्या. मेथीवाली, लिफ्टमधली भांडणं, माझी बायको, सगळं इंग्रजीत. ते अहिराणीत उत्तरं देत होते. पाच वाजता त्यांनी हेडसेट काढला आणि फाइल बंद केली. मजकूर जपून ठेवायचा का, असं कॉम्प्युटरने विचारलं.

मंदाताईंनी 'नो' दाबलं आणि चहा टाकायला गेल्या.