उताराच्या अंगाला

चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला कचेरीत सगळे 'डोंगर' म्हणत. तो डोंगरातल्या खेड्यातून आला होता आणि पंधरा वर्षं झाली तरी त्याच्या जिभेवरून ते खेडं हललं नव्हतं. नकला कुठे मिळतात असं कुणी विचारलं, की तो लांब हेल काढून सांगायचा, चढाला जा. साहेबांची खोली? पार उताराला. कचेरी एकमजली, फरशी गुळगुळीत. लोक हसत, पण त्याने हनुवटी उडवली त्या बाजूला बरोबर पोचत.

नव्या साहेबांना हसू आलं नाही. त्यांनी कागदच टाइप करून आणला. 'यापुढे मी गावाकडची भाषा वापरणार नाही. दिशा डावी-उजवी अशीच सांगेन.' सही केली नाही, तर उद्यापासून अडगळीच्या खोलीत बसायचं.

डोंगराने कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. दिवसाकाठी शंभर माणसांशी बोलायला मिळणारी ती खिडकी म्हणजे त्याचा जीव की प्राण. पण बोलणंच गहाण टाकून तिथे बसायचं तरी कशाला?

"सही नाही करणार, साहेब," तो म्हणाला. "आमच्याकडे पोर उभं राहिलं की आधी पायाखालचा उतार ओळखायला शिकतं. आईनं शिकवलंय, त्यात लाज कसली? आणि उतार तुमच्या फरशीलाही आहे."

"फरशी सपाट आहे. उठा तुम्ही. कसं बोलायचं ते मी दाखवतो."

साहेब स्वतः खिडकीत बसले. पहिलेच आले एक निवृत्त मास्तर, त्यांना नक्कल हवी होती. साहेबांनी स्वच्छ शब्दांत डावीकडे जायला सांगितलं. हात दाखवला नाही, ते गावंढळ दिसतं म्हणून. आता ही डावी बाजू साहेबांची. समोर उभे असलेले मास्तर आपल्या डावीकडे वळले आणि थेट बायकांच्या प्रसाधनगृहात शिरले. बेसिनपाशी हात धुणाऱ्या टायपिस्ट बाईंनी किंकाळी फोडली. मास्तर पळाले, त्यांच्यामागे बाई पळाल्या, आणि नळ उघडाच राहिला.

बाईंची समजूत घालण्यात साहेबांचा अर्धा तास गेला. मास्तर तर रडकुंडीला आले होते. तेवढ्यात तुंबलेलं बेसिन भरून वाहिलं, पाणी दाराबाहेर आलं, आणि डावं-उजवं न बघता सरळ साहेबांच्या खोलीत गेलं. त्यांच्या फायली जमिनीवरच रचलेल्या होत्या.

प्लंबर आला आणि खिडकीशी उभा राहून त्याने विचारलं, पाणी कुठे साठलंय? बूट काखेत धरून उभ्या असलेल्या साहेबांनी डावा हात उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि खाली घेतला.

"उताराला," ते पुटपुटले. "माझ्या खोलीत."

डोंगराने खिशातून तो कागद काढला, घडी उलगडली आणि पेनासकट साहेबांपुढे ठेवला. मग नेहमीपेक्षा अंमळ लांबच हेल काढून म्हणाला, "साहेब, आता यावर सही तुमची लागेल."