लाडोबाच्या दातांची काळजी

एका जंगलात, मुलांनो, राजाचं कधीच काही दुखत नसे. म्हणजे दुखायचं, पण दरबारात तसं कुणी म्हणत नसे. राजा सिंह होता आणि त्याचं नाव होतं वज्रदंष्ट्र. वज्रासारखे दात असलेला, असा त्याचा अर्थ. हे नाव बारशाच्या दिवशी ठेवलं, तेव्हा त्याला एकही दात आलेला नव्हता. मोठ्या घरांत असंच असतं. नाव आधी येतं, दात मागाहून येतात.

त्या जंगलात तेव्हा प्राणी पाळायची टूम निघाली होती. प्राण्यांनी प्राणी कसे पाळायचे, असं विचारू नका. पोट भरलेलं असलं आणि दुपार रिकामी असली, की कुणीही कुणालाही पाळतं. हत्तीने खार पाळली होती. गेंड्याने बेडूक पाळला होता आणि तो त्याला फिरायला नेत असे. शेजारच्या जंगलातल्या वाघाने तर विलायती ससा आणला होता. तो त्याने अजून खाल्ला नव्हता, म्हणून वाघाच्या मनाच्या मोठेपणाची सगळीकडे वाहवा चालली होती.

ते ऐकून वज्रदंष्ट्र महाराजांनी एक फेरेट दत्तक घेतला.

फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा, लांबुडका, गुबगुबीत अंगाचा विलायती प्राणी. दिवसातला बराच वेळ झोपतो, आणि जागा असला की दिसेल ती चकाकणारी वस्तू पळवून लपवून ठेवतो. हा फेरेट नदीकाठच्या दत्तक केंद्रात राहत असे. ते केंद्र एक म्हातारी कासवीण चालवायची. त्याला याआधी दोघांनी नेलं होतं आणि दोघांनीही परत आणून सोडलं होतं. रानडुकराने सांगितलं, "याच्या अंगाला वास येतो." रानडुकराने सांगितलं, बघा. अस्वलाने सांगितलं, "हा झोपतो फार." एवढं सांगेपर्यंत अस्वलाला दोनदा जांभई आली.

कासवीण फेरेटला म्हणाली, "बाळा, हे शेवटचं हं. पुन्हा परत आलास तर माझ्याकडे जागा नाही. मग तू आणि तुझं नशीब."

म्हणून फेरेट राजवाड्यात गेला तो मनाशी खूणगाठ बांधूनच. काय वाटेल ते झालं तरी इथून परत जायचं नाही.

महाराजांनी त्याचं नाव लाडोबा ठेवलं. पहिल्याच दुपारी त्यांनी त्याला उचलून आपल्या आयाळीत घातलं. मुलांनो, सिंहाच्या आयाळीत कधी झोपला आहात का? नाही ना? लाडोबाही त्याआधी झोपला नव्हता. आत मऊ होतं, अंधार होता, आणि इतकी ऊब होती की त्याला रडूच आलं. महाराजांना वासाचं काही वाटलं नाही. ते स्वतःच सिंह होते.

त्या जंगलाचा नियम होता, की नवा प्राणी दत्तक घेतला की त्याची आरोग्य तपासणी करायची. त्यासाठी डॉक्टर टोकेकरांना बोलावलं. डॉक्टर टोकेकर सुतारपक्षी होते. त्यांनी लाडोबाचे कान बघितले, डोळे बघितले, पोट दाबलं, शेपटी उचलून बघितली आणि मग म्हणाले, "आ कर."

लाडोबाने आ केला. डॉक्टरांनी एकेक दात चोचीने हलकेच टोकून ऐकला. त्यांचा चेहरा फुलत गेला.

"काय दात आहेत," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली, असे दात बघितले नाहीत. कीड नाही, किटण नाही, हिरड्या गुलाबी. बाळ, यांना जप."

लाडोबाला आजवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. त्याने त्या दिवशी तोंड मिटलंच नाही.

आता दुसरीकडे काय चाललं होतं ते ऐका. महाराजांच्या खालच्या डाव्या बाजूला, अगदी मागे, एक दाढ किडली होती. ती ठणकायची. पण राजाला सांगायची सोय नव्हती. नावच वज्रदंष्ट्र. दाढ दुखते म्हणावं, तर उद्या हरणं पळताना मागे वळून हसली असती. म्हणून महाराज जबडा आवळून बसत आणि प्रजेला वाटे, केवढे गंभीर आहेत.

एके दिवशी भर दरबारात कळ आली. महाराज लाडोबाला मांडीवर घेऊन बसले होते. समोर माकडांच्या फांद्यांचा तंटा चालला होता. आणि महाराजांच्या तोंडून निघून गेलं, "आई गं."

प्रधान काटदरे उभे राहिले. हे साळिंदर होते. अंगावर काटे असल्यामुळे त्यांच्या जवळ जाऊन कधी कुणी बोललं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांचा शब्द सगळ्यांपर्यंत नीट पोचत असे.

"कोण कण्हलं?" प्रधानांनी विचारलं.

सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि सगळ्यांनी ते डोळ्यांनीही पाहिलं होतं. सगळे जमिनीकडे बघू लागले.

"मांडीवरून आवाज आला," प्रधान म्हणाले. "मांडीवर लाडोबा आहे. म्हणजे लाडोबा कण्हला. लाडोबाची दाढ दुखते आहे."

लाडोबा सांगायला उठला, की माझे दात उत्तम आहेत, डॉक्टरांना विचारा. तेवढ्यात त्याने महाराजांकडे पाहिलं. महाराजांचे डोळे पाण्याने भरले होते आणि ते त्याच्याकडे विनवणी केल्यासारखे बघत होते. प्रधान खाली वाकून हळूच म्हणाले, "आजारी जनावर कुरकुर करायला लागलं की आम्ही परत पाठवतो. कुरकुर करत नसेल तर उपचार करतो."

"दुखतेय दाढ," लाडोबा म्हणाला. "खालची. डावीकडची."

डॉक्टर टोकेकर आले. त्यांनी दाढ टोकून पाहिली. "ही तर ठणठणीत आहे," ते म्हणाले.

"डॉक्टरसाहेब," प्रधान म्हणाले, "दरबारात सगळ्यांनी कण्हणं ऐकलंय. तुमची ढोली कुठल्या झाडात आहे?"

"सरकारी सागात."

"मग पुन्हा तपासा."

डॉक्टरांनी पुन्हा तपासली. दुसऱ्या खेपेला ती त्यांना बरीच किडलेली दिसली. त्यांनी ती उपटली.

लाडोबाने जो टाहो फोडला तो नदीपलीकडे ऐकू गेला. आणि एक गंमत झाली. तो ओरडताच महाराजही ओरडले. पोटभर ओरडले. जमिनीवर लोळले, आयाळ उपटली, ढसाढसा रडले. प्रजेचे डोळे पाणावले. "पाळलेल्या जिवावर केवढी माया," लोक म्हणाले. रडून झाल्यावर महाराजांना बरंच हलकं वाटलं. संध्याकाळी ते लाडोबाला जवळ घेऊन झोपले.

दाढ मात्र जिथल्या तिथे होती. थोड्या दिवसांनी ती पुन्हा ठणकली. महाराज पुन्हा कण्हले. लाडोबाचा पुन्हा एक दात गेला.

मग ते चालूच राहिलं. दर वेळी दरबार भरायचा, डॉक्टर चोच पुसायचे, लाडोबा आ करायचा आणि महाराज त्याच्याबरोबर रडून मोकळे व्हायचे. लाडोबाला दुखायचं, फार दुखायचं. पण नंतर आयाळीत जाऊन पडलं की तो स्वतःला समजवायचा, दात गेला तरी घर आहे.

जंगलात याचा फार चांगला परिणाम झाला. लोकांत दातांबद्दल जागृती आली. प्रधानांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने आपल्या पाळीव प्राण्याचे दात रोज घासलेच पाहिजेत. हत्ती खारीचे दात घासू लागला आणि दर वेळी खार काडीसकट त्याच्या सोंडेत अडकू लागली. एका कोंबडीने गांडूळ पाळलं होतं. त्याला दातच नव्हते, म्हणून कोंबडीला समज देण्यात आली. ती बिचारी घाबरून रोज सकाळी गांडुळाला चूळ भरायला लावू लागली.

होता होता लाडोबाच्या तोंडात चारच दात उरले. पुढचे, सुळे. त्याला आता मांस चावता येत नव्हतं. तो अंड्यातला बलक चाटून राहत असे.

एका दुपारी सगळे झोपले असताना लाडोबा आयाळीतून बाहेर आला आणि महाराजांच्या नाकासमोर बसला. महाराज जागेच होते. जबडा धरून बसले होते.

"महाराज," लाडोबा म्हणाला, "दुखतेय ती दाढ तुमची आहे."

"मला माहीत आहे," महाराज म्हणाले.

"डॉक्टरांना?"

"त्यांना माहीत आहे. प्रधानांना माहीत आहे. माकडांना तर सगळ्यांत आधी कळलं."

"मग माझे दात का काढले?"

महाराजांनी जबड्यावरचा पंजा काढला. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "तुझा दात काढतात तेव्हा मला रडता येतं रे. एरवी मी कुठे रडू?"

लाडोबाला महाराजांची दया आली आणि तेवढाच रागही आला. दोन्ही एकदम आलं की काय करायचं ते कळत नाही. त्याने म्हटलं, "जरा आ करा."

आजवर महाराजांना असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आ केला. लाडोबा आत शिरला. अगदी मागे, डाव्या बाजूला, एक काळी दाढ खिळखिळी होऊन लटकली होती. केव्हाच पडली असती, पण राजाची म्हणून अडून बसली होती. लाडोबाने आपले उरलेले चार दात तिच्यात रोवले, पाय हिरडीला टेकवले आणि सगळी ताकद लावून मागे ओढलं.

दाढ निघाली. तिच्यासकट लाडोबा बाहेर येऊन पडला आणि महाराजांनी अशी डरकाळी फोडली, की झाडांवरून वटवाघळं खाली पडली.

सगळे धावत आले. महाराजांच्या जबड्यातून रक्त येत होतं. जमिनीवर ती काळी दाढ पडली होती, लाडोबाच्या डोक्यापेक्षा मोठी. शेजारी लाडोबा धापा टाकत उभा होता. आता तरी खरं बोलावंच लागेल, असं त्याला वाटलं.

प्रधान काटदऱ्यांनी दाढेभोवती एक फेरी मारली. "अरेरे," ते म्हणाले, "केवढी मोठी दाढ होती लाडोबाची. म्हणून बिचाऱ्याला एवढं दुखत होतं."

डॉक्टर टोकेकरांनी दाढ टोकून पाहिली. त्यांना आपली ढोली आठवली असावी. "लाडोबाचीच," ते म्हणाले.

सगळे महाराजांकडे बघू लागले. महाराजांनी जीभ फिरवून पाहिली. कळ गेली होती. तिथे नुसती पोकळी होती. "हो," ते म्हणाले, "त्याचीच आहे."

"पण महाराज," प्रधान म्हणाले, "ज्याच्या तोंडात एवढाले दात आहेत, असं जनावर आपल्या आयाळीत झोपतं. गळ्याच्या इतकं जवळ. हे धोक्याचं नाही का? एक तर उरलेले चार काढून टाकू, नाही तर याला परत पाठवू."

लाडोबा महाराजांकडे बघत राहिला. त्याला चारही दातांचं काही वाटत नव्हतं. महाराजांनी नुसतं "राहू दे त्याला" म्हटलं असतं, तर तो आपण होऊन आ करून बसला असता. त्याला तेवढे तीन शब्द हवे होते.

पण महाराजांना भूक लागली होती. किती तरी दिवसांत त्यांना धड चावता आलं नव्हतं. त्यांनी सांबराची तंगडी मागवली आणि दोन्ही बाजूंनी कडाकडा चावून खायला सुरुवात केली. लाडोबा थांबला. महाराजांनी मांस संपवलं, हाड फोडलं, मगज चाटला, पंजे चाटले. वर बघितलं नाही. आता त्यांना रडायचं काही कारण उरलं नव्हतं.

मुलांनो, इतके दात निघाले तेव्हाही लाडोबाला एवढं दुखलं नव्हतं. तो उठला आणि आपले चार दात घेऊन चालू लागला. प्रधानांनी त्याला अडवलं नाही. ते नव्या फर्मानाचा मजकूर सांगण्यात गुंतले होते. राजवाड्यात पाळीव प्राण्याची जागा रिकामी झाली होती.

अशी बातमी पायांआधी पोचते. लाडोबा दरवाजाबाहेर आला तेव्हा तिथे रांग लागली होती. मुंगूस होतं, रानमांजर होतं, घुशी होत्या. दात तपासायचे म्हणून सगळे आधीपासूनच तोंड उघडून उभे होते. रांगेत सगळ्यांत पुढे एक तरुण उदमांजर होतं. त्याचे दात फार सुंदर होते.

उदमांजराने लाडोबाला हाक मारली. "दादा, तुम्ही आतून आलात ना? आत दुखतं का हो?"

"दुखतं महाराजांना," लाडोबा म्हणाला. "ओरडायचं आपण."

उदमांजर विचारात पडलं. मग त्याने विचारलं, "आणि आयाळीत ऊब असते म्हणतात, ते खरं का?"

खोटं सांगावं असं लाडोबाला फार वाटलं. पण त्याने आयाळ आठवली आणि त्याला खोटं बोलवेना.

"ऊब फार छान असते," तो म्हणाला.

उदमांजराने तोंड दरवाजाकडे वळवलं आणि आणखी मोठा आ केला.

तात्पर्य: दातांची तपासणी वेळच्या वेळी करून घ्यावी. आपले दुखत असतील, तर मांडीवर बसलेल्याच्या दातांची.