संगणकाने हुंकार दिला पाहिजे

सिंधुदुर्गनगरीच्या खाडीपर्यटन सुकरता कक्षात संगणकाने मौन पाळल्याची पहिली नोंद झाली, तेव्हा कक्षप्रमुख कौस्तुभ प्रभुदेसाई चहाची बशी तोंडाला लावून बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली. एवढ्यावरून प्रसंगाचे गांभीर्य ध्यानात यावे.

कक्षाचे काम तसे सोपे होते. खाडीत पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्यांना परवाने द्यायचे. पूर्वी ते कागदावर मिळत. मग कागदावर देणे बंद झाले आणि संगणकावर देणे सुरू झाले नाही. या मधल्या काळाला कक्षात ‘स्थित्यंतर’ म्हणत. ते संपवण्यासाठी संचिता चोपडेकर हिला कंत्राटावर घेतले होते. परवान्याची प्रणाली तयार होती, मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या केंद्रांतले नवे संगणक खोक्यांतून निघाले होते. आता ती सगळी प्रणाली एका फाइलीत बांधायची, पेनड्राइव्हवर उतरवायची आणि केंद्रांवर नेऊन बसवायची, एवढेच उरले होते. अशा फाइलीला इमेज म्हणतात. गावी निघताना सगळे सामान एकाच ट्रंकेत भरावे आणि पोचल्यावर ट्रंक उघडून संसार मांडावा, तसा तो प्रकार.

संचिताला घाई होती आणि घाईचे कारण देवबागला वाळूवर उभे होते. तिच्या वडिलांची, हरिश्चंद्र चोपडेकरांची होडी. पावसाळ्याआधी वर ओढलेली, नवा रंग दिलेली, झावळ्यांखाली झाकलेली. दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक येतात आणि त्या गर्दीवर घराचे वर्ष निघते. परवाना नसला तर होडी पाण्यात नाही. संचिता संध्याकाळी एसटीतून उतरून घरी पोचली की वडील ओटीवरूनच विचारत, “तुझो तो संगणक काय म्हणता गो?”

कामाचा मुहूर्त झाला. मुहूर्ताला नारळ आणि देवाला घालायचे गाऱ्हाणे हवेच. गाऱ्हाणे घालायला कक्षाचे शिपाई बाबली परब होते. गावच्या देवळात गाऱ्हाणे घालायचा मान त्यांच्या घराण्यात, त्यामुळे कार्यालयीन कामकाजातही त्यांचा शब्द वजनदार होता. त्यांनी सर्व्हरपुढे नारळ ठेवला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

“बा देवा रवळनाथा, आज ह्या कचेरीत जा काय नवा काम सुरू होता हा, त्येच्यात कोणाची आडकाठी इली, कोणाची नजर लागली, तर ती कडेक कर, आणि ह्या काम तडीक ने रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळा कक्ष एका सुरात म्हणाला. हेड क्लार्क सुभद्रा गावडे यांचे बोलणे अर्धे राहिले होते, तेही त्यांनी थांबवले.

मग संचिताने काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टाइप केली. कुठले फोल्डर घ्यायचे, इमेजला नाव काय द्यायचे, ती कुठे ठेवायची, आणि शेवटी, जुन्या सवयीप्रमाणे, ‘उगाच बडबड करू नये’ असा एक शब्द. एंटर दाबले. थोड्या वेळाने पडद्यावरचा ठिपका खालच्या ओळीवर येऊन लुकलुकत राहिला.

“झाले, सर.”

“काय झाले?” प्रभुदेसाईंनी विचारले.

“इमेज तयार झाली.”

“पण ते तर काहीच बोलले नाही.”

“हा संगणक युनिक्सवर चालतो, सर. त्या प्रणालीची तशीच पद्धत असते. सगळे नीट पार पडले की ते गप्प राहते. चुकले तरच बोलते.”

अशा स्वभावाचा कर्मचारी कक्षात आजवर कोणी पाहिला नव्हता.

बाबलींनी मान हलवली. “चेडवा, गाऱ्हाण्याक हुंकार नाय मिळालो तर ता पोचूक नाय असा आमच्यात मानतत. तू सांगलंस, त्येना व्हय म्हणूक नाय. मगे काम झाला ह्या कोणी सांगला?”

“परब यांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बिनतोड आहे,” प्रभुदेसाई म्हणाले.

“शिवाय न आलेल्या उत्तराला आवक क्रमांक कसा द्यायचा?” गावडेबाईंनी विचारले.

संचिताने तयार झालेली इमेज पडद्यावर काढून दाखवली. नाव, आकार, तयार झाल्याची वेळ. प्रभुदेसाई समजुतीच्या सुरात म्हणाले, “फाइली आपल्याकडेही कपाटभर आहेत, चोपडेकर. फाइल असणे आणि काम होणे यांचा संबंध जोडू नये.” आणि शेरा पडला: आज्ञा दिली, प्रतिसाद अप्राप्त, काम प्रलंबित.

दुसऱ्या दिवशी चिडून टाइप करताना संचिताच्या हातून फोल्डरचे नाव चुकले. क्षणात पडदा चुकांच्या ओळींनी भरून गेला. प्रभुदेसाई खुर्ची ओढून पुढे आले. “बघा, आज कसे मोकळेपणाने बोलते आहे.” त्या ओळी छापून घेतल्या, शिक्का मारून वर पाठवल्या. वरून आठवड्याच्या आत कौतुकाचे पत्र आले. संगणक आणि कर्मचारी यांच्यातील संवाद वाढत असल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते आणि असाच प्रतिसाद पुढेही मिळवत राहावा असे सुचवले होते.

गणपती होऊन गेले. होडी तशीच. मग संचिताने व्यवहारी माणूस करतो ते केले. आपण सांगू ते शब्द पडद्यावर उमटवणारी एक साधी आज्ञा युनिक्समध्ये असते. ती तिने इमेजच्या आज्ञेला जोडली आणि मध्ये अट घातली, की आधीचे काम खरोखर पार पडले तरच पुढचे शब्द उमटावेत. एंटर दाबले, इमेज झाली आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आली: व्हय म्हाराजा.

बाबलींनी हात जोडले. गावडेबाईंनी आवक क्रमांक दिला. प्रभुदेसाईंनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले आणि चहा मागवला. संचिताला मनापासून हायसे वाटले. आता पेनड्राइव्ह भरून केंद्रांवर जायचे, एवढेच.

पण असे यश चारचौघांना दाखवल्याशिवाय बाहेर पाठवायचे नसते. प्रात्यक्षिकाचा समारंभ ठरला, शाली आल्या, वरिष्ठ आले. संचिताने एंटर दाबले. सर्व्हरवरची जागा समारंभाच्या पूर्वतयारीच्या व्हिडिओंनी भरून गेली होती. इमेज अर्ध्यावर अडली आणि अट असल्यामुळे पुढचे शब्द उमटलेच नाहीत. जागा संपल्याची एक ओळ तेवढी पडद्यावर आली.

त्या दुपारी आदेश निघाला. “हुंकार ही बाब कार्यालयाच्या प्रतिष्ठेशी निगडित असल्याने ती आधीच्या कामाच्या यशावर अवलंबून ठेवणे उचित नाही. सबब अट शिथिल करावी.”

“सर, मग काम झाले नाही तरी ते व्हय म्हणेल,” संचिता म्हणाली.

“आपण सगळे तेच करतो की. ते आता कुठे कक्षात रुळते आहे.”

संचिताने ओळीतली अटीची चिन्हे काढून तिथे अर्धविराम घातला. युनिक्समध्ये अर्धविरामाचा अर्थ, पहिल्याचे काहीही होवो, दुसरे कर. कक्षाला त्यात नवे काही वाटले नाही. अट काढली की इमेज मार्गी लागेल आणि होडी पाण्यात जाईल, असे तिने स्वतःला समजावले. पटले नव्हते, पण समजावले.

पुढचे सगळे कार्यक्षमतेच्या ओघात झाले. तपासणी पथकाने आज्ञा किती वेळ घेते हे पाहिले. हुंकार तत्काळ येत होता. सगळा वेळ आणि सगळी जागा त्याच्या आधीचा, इमेज बांधण्याचा भाग खात होता. अहवालात त्या भागाला ‘अनुत्पादक’ म्हटले आणि तो काढून टाकण्यात आला. तिन्ही केंद्रांवर पेनड्राइव्ह गेले, त्यांत ती एकच ओळ होती. सगळीकडे एका दिवसात बसवणूक पूर्ण झाली. कुठलीही कळ दाबा, संगणक म्हणे, व्हय म्हाराजा.

त्या संध्याकाळी वडील ओटीवर तिची वाट बघत बसले होते, चेहरा खुललेला.

“मालवणाक गेल्लंय गो. माका परवानो गावतलो मां, म्हणान इचारलंय. थयल्या चेडवान कळ दाबल्यान, आणि संगणकान स्वच्छ सांगल्यान, व्हय म्हाराजा. इतक्या वर्सांत सरकारान माका असा कधी सांगूक नव्हता.”

“बाबा, तो सगळ्यांकच तसा सांगता.”

“सांगूंदे. आपणाक सांगल्यान मां?”

संचिताला रडू यायचे तेवढे बाकी होते. वडील झावळ्या बाजूला सारून होडीवरून हात फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी ती थेट प्रभुदेसाईंसमोर उभी राहिली. खरी इमेज केंद्रांवर बसवू द्या, नाहीतर माझे कंत्राट परत घ्या, म्हणाली. प्रभुदेसाई मुळात वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचार केला. “बसवा. हुंकार आहे तसा राहू दे, त्यामागे तुमची प्रणालीही घाला. मात्र आजवर यंत्र जनतेला व्हय म्हणाले. जनतेनेही यंत्राला म्हटले पाहिजे. अर्जाआधी अटी-शर्ती दाखवा आणि खाली बटण द्या.”

अटी-शर्ती तयार करायला गावडेबाई बसल्या. कक्षात होत्या तेवढ्या जुन्या परिपत्रकांतून, सूचनाफलकांतून त्यांनी त्या गोळा केल्या. मजकूर इतका लांबला, की प्रभुदेसाईंनी शेवटच्या पानापर्यंत सह्या केल्या आणि मनगट चोळले. संचिताने ती फाइल घेतली आणि फोल्डरमध्ये टाकली. दिवाळी तोंडावर आली होती, वाचत कोण बसतो. एंटर दाबले. या वेळची इमेज अस्सल होती. ती घेऊन ती स्वतः एसटीने फिरली आणि तिन्ही केंद्रांवर बसवून आली.

आणि ती चालली. अर्जदार येत, पडद्यावर अटी सरकत, खाली बटण येई. बाबलींच्या आग्रहाने बटणावर ‘व्हय म्हाराजा’ लिहिले होते. लोक ते खुशीत दाबत. हरिश्चंद्र चोपडेकरांनी दाबले, शेजाऱ्यांनी दाबले. पलीकडून खराखुरा परवाना छापून येई. हरिश्चंद्रांनी आपला परवाना प्लास्टिकमध्ये घालून घेतला आणि देवाजवळ ठेवला. संचिता त्या दिवशी आनंदाने दोन घास जास्त जेवली.

नरक चतुर्दशीच्या सकाळी किनारा पर्यटकांनी फुलला होता. आजूबाजूचे चार जण हात लावायला आले, होडी वाळूवरून सरकली आणि तिचे टोक पाण्याला लागणार, तेवढ्यात कक्षाचे निरीक्षक निलेश कुबल टॅबलेट घेऊन पुढे झाले.

“काका, परवाना चोख आहे. पण तुम्ही एक अट मान्य केली आहे. ‘अर्जदार आपली होडी पाण्यात उतरवणार नाही.’ हे पाहा, खाली तुमचे व्हय म्हाराजा.”

“मगे परवानो कित्याक?”

“होडी चालवायला.”

पावसाळी बंदीच्या जुन्या सूचनेतून ती ओळ उचलताना गावडेबाईंकडून तारखा सुटल्या होत्या. ऐन सणाच्या दिवशी संचिता साहेबांच्या घरी जाऊन धडकली. फराळाचे ताट पुढे करत प्रभुदेसाई म्हणाले, “चोपडेकर, अट सर्वच अर्जदारांनी मान्य केली आहे. एकाचीही हरकत नाही. आता ती बदलायची म्हणजे लोकांच्या इच्छेविरुद्ध जाणे.”

“सर, ती कोणी वाचलीच नव्हती.”

“तुम्ही वाचली होती? इमेज तुम्हीच बांधलीत.”

संचिता गप्प राहिली. युनिक्सच्या पद्धतीप्रमाणे त्याचा अर्थ सगळे नीट पार पडले असा होतो, आणि साहेबांनी तोच घेतला.

होडी अजून वाळूवरच आहे. हरिश्चंद्रांनी तिच्यात लाइफ जॅकेट टांगून ठेवली आहेत. पर्यटक ती घालून बसतात, वल्हे हातात धरून फोटो काढतात, लाटा मागे बऱ्या दिसतात. घर कसेबसे चालते, पण हरिश्चंद्र हसून म्हणतात, “बुडूचा भय तरी नाय.”

तुम्हीही हसलात, तर त्यात काही गैर नाही. पण परवा तुमच्या फोनवर काहीतरी नवे बसवताना एक लांबच लांब मजकूर सरकत गेला होता आणि खाली एक बटण होते, आठवते? तुमची होडी तुम्ही कुठे उतरवायची आणि कुठे नाही, हे त्यात लिहिलेले होते. तुम्ही काय म्हणालात, ते त्यांच्याकडे नोंदलेले आहे.