बिनटबाचे घर

"जादा काहीही घ्यायचे नाही" हा ठराव रादोवान कुबालेक आणि त्याची बायको मिलेना यांनी गाडीतून उतरण्यापूर्वी एकमताने संमत केला होता, आणि जिना चढताना एकमेकांच्या तोंडून तो पुन्हा एकदा वदवूनही घेतला होता.

विश्कोव गावाबाहेर एक कंपनी एकाला एक चिकटलेल्या घरांची ओळ बांधत होती, आणि तिच्यातले शेवटून दुसरे घर त्यांनी घेतले होते. दारे, फरश्या, नळ हे सगळे किमतीत आलेले होते. त्यापलीकडचे जे काही असेल ते 'जादा', आणि ते निवडण्यासाठी प्रत्येक ग्राहकाला कचेरीत एक दुपार नेमून दिली जाई. घर पाहावे बांधून असे ज्याने म्हटले, त्याने बांधून मिळणारे घर विकत घेऊन पाहिले नसावे. स्वतः बांधणाऱ्याला गवंडी छळतो. विकत घेणाऱ्याला छळायला त्याची स्वतःची हौस पुरेशी असते.

रादोवान हौशी नव्हता. तो दातांच्या कवळ्या करीत असे. केसभर उंच राहिलेली दाढ माणसाला धड जेवू देत नाही, हे रोज पाहणारा माणूस सहसा कशाला भुलत नाही. मात्र त्याच्या मनात एक हळवी जागा होती आणि तिचे नाव हेदविकाबाई. लग्नानंतर या दोघांना राहायला जागा नव्हती, तेव्हा मिलेनाच्या या आईने आपल्या घरातली एकुलती एक निजायची खोली त्यांना दिली आणि स्वतः स्वयंपाकघरातल्या घडीच्या सोफ्यावर पथारी पसरली. काही वर्षांनी दोघांनी वेगळे बिऱ्हाड केले, पुढे आणखी वर्षे गेली, पण ती गोष्ट त्यांनी एकदाही बोलून दाखवली नाही. उपकार बोलून दाखवणारी माणसे परवडतात, कारण त्यांना उलट उत्तर देता येते. न बोलणाऱ्यांचे काय करावे, हे रादोवानला कधीच उमगले नव्हते. नव्या घरातली बागेकडची खोली त्याने मनोमन त्यांना देऊन टाकली होती. त्या खोलीत, खऱ्याखुऱ्या पलंगावर, सासूबाई झोपलेल्या पाहायच्या, एवढीच त्याची इच्छा होती. तिथे राहायला याल का असे विचारले की त्या "बघू" म्हणत, आणि काय हवे असे विचारले की "मला काही नको" म्हणत.

कचेरीतल्या शार्काबाईंचा आवाज लोण्यासारखा होता.

"न्हाणीघरात टबच ठेवायचा ना? ठेवतात काही जण."

"काही जण म्हणजे?" रादोवानने विचारले.

"आता कोण ठेवतं हो? चढून आत जा, चढून बाहेर या. घरात कोणी वडीलधारं आहे?"

"सासूबाई."

"गुडघे?"

"गुडघेच."

टेबलाखालून मिलेनाने त्याच्या नडगीवर लाथ मारली, पण तोवर उशीर झाला होता. टब जाऊन त्याच्या जागी शॉवर आला. गुडघ्यांसाठी आणलेल्या शॉवरला उंबरा असणे हा तर्काचा अपमान होता, म्हणून उंबरा गेला. उंबरा गेल्यावर ओल पसरणार. ओली फरशी म्हाताऱ्या पायांना गार लागणार. तेव्हा फरशीखाली तापवण्याच्या नळ्या आल्या, आणि नळ्या टाकायच्याच तर त्या शेजारच्या कपडे धुण्याच्या खोलीतही टाकाव्यात, हे ओघानेच आले. नळ्यांची पेटी जोड्यांच्या कपाटाच्या जागी बसली, कपाटासाठी भिंत सरकली, आणि भिंत सरकल्यामुळे दार रुंद झाले. शेवटी, एवढे केलेच आहे तर, म्हणून शॉवरमध्ये धरायला दांडे आणि बसायला फळी घेण्यात आली.

"आपण काही घेणार नव्हतो," मिलेना जिना उतरताना म्हणाली.

"आपल्यासाठी काही घेतलंच नाही. सगळं आईंसाठी आहे."

"आईला विचारलंस?"

"विचारलं की त्या नको म्हणतात."

"मग?"

"म्हणूनच नाही विचारलं."

पानगळ सुरू झाली तेव्हा न्हाणीघराच्या फरश्या लागल्या, आणि एका रविवारी हेदविकाबाई फडक्यात गुंडाळलेला केक घेऊन घर पाहायला आल्या. बागेकडची खोली त्यांना आवडली. खिडकी उघडून त्यांनी बाहेरची हवासुद्धा हुंगून पाहिली. रादोवानचा जीव सुपाएवढा झाला. मग त्याने न्हाणीघराचे दार उघडले.

"हे दांडे कशाला?"

"धरायला, आई."

"कुणी?"

रादोवानने फळीवर थाप मारली. "आणि ही फळी. बसून आंघोळ करता येते. दार पण मुद्दाम रुंद करून घेतलंय."

"दिसतंय. चाकाची खुर्ची आरामात जाईल." त्यांनी मान वळवली. "टब कुठाय?"

"टब नाहीये. तुम्हाला चढायला नको म्हणून."

हेदविकाबाईंनी त्या गुळगुळीत जमिनीवरून नजर फिरवली.

"मग मासा कुठे ठेवणार?"

डिसेंबरात तिथल्या चौकात पाण्याने भरलेली पिंपे लागतात आणि त्यांतून कार्प नावाचे जाडजूड मासे जिवंत विकायला येतात. त्यांतला एक नाताळच्या संध्याकाळी तळून पानात पडतो. तोवर त्याचा मुक्काम घरातल्या टबात, आणि घरातल्या माणसांची आंघोळ तसराळ्यात. सासूबाईंच्या घरी मासा टबातून बादलीत आणि बादलीतून टबात नेण्याचा मान दर वर्षी रादोवानचाच असे. कापून बर्फात ठेवलेला मासा आणणे म्हणजे हेदविकाबाईंच्या मते नाताळ न करणेच होते, आणि खरे सांगायचे तर रादोवानच्या मतेही. असे असताना दातादाताचा विचार करणाऱ्या या गृहस्थाला, शार्काबाईंसमोर बसून टबावर काट मारताना, मासा आठवला नव्हता.

"बरं," हेदविकाबाई म्हणाल्या, "नाताळ माझ्याकडेच करू. मी आहे तिथे बरी आहे. रविवारी येत जाईन."

"आणि ही खोली?"

"खोली छान आहे रे. पण मला इथे काम काय? धरायला दांडा, बसायला फळी. तुम्ही सगळं करणार आणि मी धरून बसणार."

त्यांना बसमध्ये बसवून दिल्यावर मिलेना म्हणाली, "तू तिला घर नाही दिलंस, रादोवान. दवाखाना दिलास."

दुसऱ्याच दिवशी तो कचेरीत हजर झाला.

"बदलांची मुदत केव्हाच संपली, साहेब," शार्काबाई म्हणाल्या. "फरश्या पण लागल्या."

"न्हाणीघर राहू द्या तसंच. घरात दुसरीकडे कुठेही एक टब बसवा."

"दुसरीकडे कुठे? आणि कशाला?"

रादोवानने आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला. "मासा."

शार्काबाईंनी पेन खाली ठेवले. त्यांच्या आवाजातले लोणी प्रथमच वितळले. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही गुडघे विचारलेत. मासा विचारला नाहीत."

 त्या आत गेल्या आणि बांधकामावरचे मुकादम ओताकार यांना घेऊन आल्या. हिशेबाच्या टेबलावरची दोन माणसेही आपापले काम टाकून जवळ सरकली. ज्या कचेरीत एक खिडकी चार बोटे सरकवायची तर तीन आठवडे लागत, तिथे माशाचा प्रश्न तत्काळ विचारार्थ घेण्यात आला.

"बागेत पिंप ठेवा," एकाने सुचवले.

"गोठेल," ओताकार म्हणाले.

"स्वयंपाकघरातलं सिंक?"

"कार्प आहे तो. बांगडा नाही."

"माझी आत्या कपडे धुवायच्या यंत्रात ठेवायची," दुसरा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

"चालू नाही हो करायची."

"थांबा," ओताकारांनी बोट वर केले. "यंत्राला पाण्याचा नळ असतो. सांडपाण्याची वाट पण असते. त्याच्या शेजारी कुत्रं धुवायचा टब बसतो. आपल्या यादीत आहे, आणि त्याला मुदतही नाही."

शार्काबाईंनी लगबगीने कागद ओढला. "टबाची लांबी कुत्र्यावर ठरते. कुठल्या जातीचं लिहू?"

"लांबट," रादोवान म्हणाला.

"अंगावर केस?"

"खवले."

"आखूड केसांचं," असे शार्काबाईंनी लिहिले, आणि त्या दोघांमध्ये त्या दिवसापासून एक प्रकारचा जिव्हाळा निर्माण झाला.

डिसेंबरच्या सुरुवातीला कुबालेक दांपत्य नव्या घरात राहायला गेले. कपडे धुण्याच्या खोलीत पांढराशुभ्र टब मांडलेला होता. नाताळ जवळ येताच रादोवानने चौकातून कार्प आणला, टबात सोडला, आणि सासूबाईंना फोन लावून ती बातमी अदबीने सांगितली. "बघू," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. बाहेर शेजारचा लुमीर बादली घेऊन उभा होता, आणि बादलीतून शेपूट डोकावत होते.

"ओताकारांची माणसं सांगत होती, तुमच्याकडे टब आहे म्हणून."

"तुमच्याकडे नाही?"

"कुठला? त्या बाईंनी सासऱ्यांची कंबर विचारली, आणि आम्ही शॉवर घेऊन बसलो."

लुमीरला परत पाठवणे माणुसकीला धरून झाले नसते, म्हणून त्याचा मासा टबात गेला. पण लुमीरच्या पलीकडच्यांनाही शार्काबाईंनी काहीबाही विचारलेले होतेच. कुणाचे गुडघे निघाले, कुणाची कंबर, एकाचा तर नुसता थोरला भाऊ निघाला. त्या साऱ्या ओळीत टब म्हणून एकही उरलेला नव्हता, आणि मासा तर प्रत्येकालाच खायचा होता. दोन दिवसांत दारापाशी जोड्यांचा ढीग पडला, आणि मोजे घातलेली माणसे हातात बादल्या घेऊन, पाणी सांडत, कपडे धुण्याच्या खोलीकडे रांगेने चालू लागली.

"माझा तो मोठा," एकजण म्हणाला.

"मोठा माझा आहे."

"तुमचा आणला तेव्हा एवढा होता?"

"इथे आल्यावर वाढला असेल."

हा वाद रंगात आला असताना मिलेनाने हाक मारली. टबातले सगळे मासे पाण्यावर तोंडे काढून आ वासत होते. रादोवानची पाचावर धारण बसली. आपला एक मासा गेला असता तर त्याने दुःख गिळले असते. पण साऱ्या गल्लीचा नाताळ त्याच्या टबात होता. त्याने फोन उचलला.

"आई, मासे तोंड वर काढतायत."

"मासे? किती आहेत?"

"सांगता येत नाही. हलतायत."

"पाणी गार आहे ना?"

रादोवानने हात बुडवला. पाणी बाळाच्या आंघोळीइतके कोमट होते. "फरशी तापते ना, त्याने झालं असेल. तुमच्यासाठी घेतली होती."

"बंद कर ती. बर्फ पडलाय ना बाहेर? दोन बादल्या आण आणि टब गार कर, पण हळूहळू. कोणाला हात घालू देऊ नकोस. मी येते."

पुढच्या बसने त्या आल्या. हातात एक लहानशी पिशवी होती आणि कोटाखाली ॲप्रन आधीच बांधलेला होता. गुडघ्यांचा विषय त्यांनीही काढला नाही आणि गुडघ्यांनीही काढला नाही. आल्या आल्या त्यांनी निम्मे पाणी बदलले, उड्या मारणाऱ्यांसाठी टबावर इस्त्रीचे टेबल आडवे टाकले, आणि मग जमलेल्या शेजाऱ्यांकडे वळल्या.

"मोठा कोणाचाच नाही. न्यायच्या दिवशी जो आधी येईल त्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा. पटत नसेल त्याने आपला मासा आत्ता ओळखून दाखवावा."

कुणालाच ओळखता आला नाही.

"आणि ती बादली आधी पुसा. घर आहे हे."

माशांना सोडून जाता येईना, म्हणून त्या त्या दिवशी राहिल्या, आणि याच कारणासाठी दुसऱ्या दिवशीही. सकाळी पाणी बदलायचे, दुपारी येणाऱ्याजाणाऱ्यांना दटावायचे, संध्याकाळी टबाशेजारी स्टुलावर बसून बटाटे सोलायचे, असा त्यांचा दिनक्रम ठरून गेला. त्या निवांत असतील या आशेने रादोवान एकदा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. कित्येक वर्षे मनात घोळवलेले एक भाषण त्याला करायचे होते.

"आई, तुम्ही आमच्यासाठी इतकी वर्षं स्वयंपाकघरात झोपलात—"

"मग? ऊब असते तिथे. तो मिठाचा डबा दे."

भाषण तिथेच संपले.

नाताळच्या सकाळी मासे आपापल्या घरी गेले, आणि संध्याकाळी प्रत्येक घरातून गोड बिस्किटांची एकेक ताटली कुबालेकांकडे आली. टब रिकामा झाला. तो घासूनपुसून कोरडा केलेला पाहून रादोवानला उगीचच भडभडून आले. आता सासूबाईंना थांबायला निमित्त उरले नव्हते.

सणाचे दिवस संपल्यावर त्यांची पिशवी दाराशी दिसली. रादोवानने गाडीची किल्ली घेतली. एवढ्यात घंटा वाजली. टोकाच्या घरातली तरुण बाई दारात उभी होती.

"बाई, पुढच्या नाताळला आमचा मासा ठेवाल ना? आत्ताच सांगून ठेवते."

"ठेवू," हेदविकाबाई म्हणाल्या, "पण एकच. आमच्याकडे जागा कमी पडते, पाहिलंत ना यंदा. आणि बादली पुसून आणा."

दार लावून त्या वळल्या. जावई किल्ली घेऊन तिथेच खिळला होता.

"काय बघतोस? निघालास ना माझ्या घरी? ती पिशवी ने. सणाचे कपडे आहेत त्यात, ते तिथेच राहू देत. आणि येताना माझी पिसांची रजई घेऊन ये. तुमच्या रजईत मेली झोपच लागत नाही."

इतक्या वर्षांत त्या बाईंनी रादोवानकडे मागितलेली ही पहिली वस्तू होती. ती आणायला तो इतक्या घाईने बाहेर पडला की, गाडी दारातच आणि घरातल्या सपाता पायातच राहिल्याचे त्याच्या लक्षात आले ते बर्फातून अर्धे गाव ओलांडल्यानंतर. आणि त्यांतून पाणी आत शिरत असतानाही त्याला काही गार लागत नव्हते.